श्रीनगरची ओहोटी

श्रीनगर, काश्मीर
ता. ८ फेब्रुवारी १८९३

विठोबामामा तांडेल, शीव कोळीवाडा, यांच्या पायांवर माझगावच्या धर्माचं डोकं.

मामा, निघताना गोदीच्या दारात तुम्ही बजावलं होतं, "पोरगी द्यायची ते गाव कसं आहे ते आधी कळव. पाणी कुठं, जमीन कुठं, वारा कुठला, सगळं लिही. मग लग्नाचं बघू." म्हणून मला इथे आणणाऱ्या साहेबाच्या होडीला अजून एक खिळा ठोकलेला नाही, आधी हे लिहायला बसलो आहे.

गाव डोंगरांच्या मधोमध आहे. घरातली परात समोर धरा. कड म्हणजे डोंगर, त्यांच्यावर बर्फ, आणि तळाशी शहर. झेलम नावाची नदी शहराच्या पोटातून वेटोळी घेत जाते. इथले लोक तिला व्यथ म्हणतात. तिच्यावर देवदाराच्या ओंडक्यांचे सात पूल आहेत. घरं लाकडाची, छपरांवर झाडाची साल आणि सालीवर माती. चैत्रात त्या छपरांवर फुलं उगवतात म्हणे. शहराला लागून दल नावाचं मोठं सरोवर आहे. थंडी अशी की माणसं अंगरख्याच्या आत निखाऱ्याची शेगडी घेऊन फिरतात. मीही घेतली. पोट भाजलं, पाठ गारच राहिली.

आता गावाची जुनी हकिकत. इथले पंडित सांगतात की फार पूर्वी हे सगळं खोरं म्हणजे एक तळं होतं. कश्यप ऋषींनी बारामुल्याकडचा डोंगर फोडला, पाणी निघून गेलं, मग जमीन वर आली. साहेब ऋषींना मानत नाही, पण तळं होतं हे त्यालाही कबूल आहे. पठारावर माती खणली की आतून शिंपले निघतात. त्यातला एक गुणवंतीला गंमत म्हणून सोबत पाठवतो.

तर असं गाव. समुद्र नाही, तुफान नाही, कोणी बुडत नाही. पोरगी निर्धास्त द्या.

आपला धर्मा

*

शीव कोळीवाडा
ता. ६ मार्च १८९३

चिरंजीव धर्मा, आशीर्वाद. तो किती द्यायचा ते पत्र संपल्यावर ठरवू.

शिंपला मिळाला. मी तो उलटापालटा केला, चाटून बघितला. खारट नाही. पण शिंपला तो शिंपलाच. होळीसाठी सगळा कोळीवाडा माझ्या ओट्यावर जमला होता, तेव्हा तो हातोहात फिरवला. माझा थोरला भाऊ कुशाबा त्याला नाकाशी धरून बराच वेळ बसला, मग म्हणाला, "विठू, पोराने लिहिलंय काय ते परत वाच." परत वाचलं. मग कोणी होळीकडे बघेना.

अरे, पाणी होतं, ते गेलं. जमीन उघडी पडली. तिच्यात शिंपले राहिले. हे आमच्या खाडीत रोज होतं. वडाळ्याच्या मिठागरांपाशी जाऊन उभा राहा, तुलाही दिसेल. याला ओहोटी म्हणतात. तू कोळ्याचा पोर, आणि भर ओहोटीच्या चिखलात संसार मांडायला निघालास?

ऋषींनी डोंगर फोडला, बरं केलं. पण पाणी गेलं त्याच वाटेने परत येणार नाही, असं त्यांनी कोणाला लिहून दिलंय का? डोंगरांची कड आहे म्हणतोस. म्हणजे भरती आली की पळायलाही जागा नाही, परातीतल्या माशीसारखी गत.

तर भरतीची वेळ विचारून घे. तिथल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला विचार, साहेबाला नको. वेळ कळेपर्यंत लग्न नाही.

विठोबा

ता. क. हे खालचं माझं आहे. बाबांना वाचता येत नाही. ते बोलतात तसंच लिहिलं तर मिशनच्या शाळेतल्या बाई माझा कान धरतील, म्हणून मी शाळेच्या भाषेत लिहिते. खरं ते असं बोलले, "आरं गाढवा, ओहोटीत कोन घर बांधतंय रं?" तुम्ही सगळं नीट लिहिलं होतं हो. बर्फ, पूल, छपरावरची फुलं. मी वाचताना बाबांची मान डोलत होती. मग तो मेला शिंपला निघाला. कोळ्याच्या घरी शिंपला गंमत म्हणून कोण पाठवतं? माझ्या बरोबरीच्या पोरींना पोरं झाली. आता डोकं वापरून लिहा. गुणवंती

*

श्रीनगर
ता. २ एप्रिल १८९३

विठोबामामांना धर्माचा नमस्कार.

मामा, ही ओहोटी नव्हे. साहेबाला विचारू नको म्हणालात, म्हणून आधी घाटावरच्या एका म्हाताऱ्या नावाड्याला विचारलं, "भरती कधी येते?" त्याला प्रश्नच कळला नाही. दोनदा विचारल्यावर त्याने मला चहा पाजला आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग साहेबाला विचारलं. तो म्हणाला की पाणी जाऊन हजारो वर्षं झाली. तेव्हा काळजीचं कारण उरलं नाही.

इथे पाणी अगदी माणसाळलेलं आहे. कितीतरी कुटुंबं होडीवरच जन्मतात आणि होडीवरच म्हातारी होतात. सरोवरात लोक गवताच्या चटया करून त्यांच्यावर माती टाकतात, आणि त्या तरंगत्या शेतात काकड्या, टरबुजं पिकवतात. शेत जागेवर राहावं म्हणून तळात बांबू ठोकतात. कधी कधी चोर येऊन शेतच ओढून नेतात. मागच्या आठवड्यात एक शेतकरी आपलं शेत हरवलं म्हणून चौकीवर रडत होता. असं मौजेचं शहर आहे.

आणि आमच्या साहेबाचं सांगायचं तर इथे परक्या माणसाला जमीन विकत मिळत नाही, महाराजांचा तसा हुकूम आहे. म्हणून साहेबाने पाण्यावरच घर बांधायला घेतलं. खोल्या, खिडक्या, पडदे, सगळं होडीवर. त्याचसाठी मला माझगावहून आणलं. फळ्यांच्या फटी बुजवायचं आपलं काम इथल्या सुतारांना बघायचं असतं. पगार चांगला आहे. मामा, चैत्र लागला आणि छपरांवर खरोखरच फुलं आली. गुणवंतीला आवडेल.

आपला धर्मा

*

शीव कोळीवाडा
ता. १ मे १८९३

धर्मा, आशीर्वाद अर्धा.

तुझं पत्र पोरीने वाचलं. 'साहेबाने पाण्यावर घर बांधायला घेतलं' इथपर्यंत आली आणि मी तिला थांबवलं. कुशाबालाही बोलावून आणलं. तो म्हणाला, "झालं! साहेबाला बातमी लागली."

अरे भोळ्या, एवढा मोठा साहेब, त्याला महाराजा जमीन देणार नाही होय? तो घेत नाही! सरकारकडे तारा येतात, नकाशे असतात. त्याला कळलंय की भरती येणार, म्हणून तो मुकाट्याने होडी बांधतोय आणि तुला हुकमाची गोष्ट सांगतोय. आणि ते शेतकरी? शेत तरंगतं ठेवतात, तेही वेडे नाहीत. त्या गावात होडीशिवाय आहेस तो तू एकटा.

हजारो वर्षं ओहोटी चालली म्हणतोस आणि वर मला धीर देतोस. ओहोटी जेवढी लांब, उधाण तेवढं मोठं. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

पाणी रागावून का गेलं तेही मला कळलं. तुझ्या दोन्ही पत्रांत नारळाचं नाव नाही. हजारो वर्षांत त्या पाण्याला कोणी एक नारळ वाहिलेला दिसत नाही. राहील कशाला ते? म्हणून एक नारळ पार्सलाने पाठवला आहे. शेंडी ठेवली आहे. नारळी पौर्णिमेला तो पाण्याला दे आणि आमच्या तर्फे माफी माग.

आता अट ऐक. माझी लेक जमिनीवरच्या घरात राहणार नाही. स्वतःची होडी बांध, ती दोराने झाडाला बांध, आणि दोर जाड घे.

विठोबा

ता. क. पोष्टात बाबूने विचारलं, आत काय आहे? बाबा म्हणाले, "माफी." बाबूने गुमान शिक्का मारला. तुम्ही वाद घालू नका हो. होडी बांधा म्हणाले ना, म्हणजे निदान घराचा विषय निघाला. छपरावरच्या फुलांची ओळ त्यांनी मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "एवढ्या लांब?" आणि पान थुंकायला बाहेर गेले. गुणवंती

*

श्रीनगर
ता. १० जून १८९३

मामांना नमस्कार. अट मान्य.

नारळ पोहोचला, पण त्याची फार कुचंबणा झाली. सुकं खोबरं इथल्या बाजारात मिळतं, पण शेंडीसकट सबंध नारळ पोष्टमास्तरांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, आत काहीतरी जिवंत आहे. त्यांनी तो परसात ठेवून त्याच्यावर पहारा बसवला. मी सोडवून आणताना निम्मा बाजार मागून चालत आला. हलवून पाण्याचा आवाज ऐकवला तेव्हा एक बाई मागे सरली. आता तो माझ्या उशाशी असतो आणि लोक त्याला बघायला येतात.

होडी झाली. साहेबाच्या उरलेल्या देवदारातून बांधली. लहान आहे, एक खोली, एक चूल, गुणवंतीसाठी एक खिडकी. पण नदीकाठी कुठल्याच घाटावर जागा मिळाली नाही. मग एका ओळखीच्या माळ्याच्या सफरचंदाच्या बागेत ठेवली आणि चिनाराला जाड दोराने बांधली. इथून पाणी बरंच लांब आहे. लोक येतात, दोर बघतात आणि विचारतात, "पळून जाईल म्हणून बांधलीस का?" बाजारात माझं नाव 'मुंबईचा वेडा' पडलं आहे. साहेब त्याच्या मित्रांना घेऊन येतो आणि मला दोराची गाठ दाखवायला लावतो. मामा, तुमच्या लेकीसाठी मी हेही सोसलं. आता दिवाळीनंतरचा मुहूर्त काढा.

(गुणवंती, हे वाचून दाखवू नको. मी तुझी वाट बघतो. खिडकी उगवतीला ठेवली आहे.)

आपला धर्मा

*

शीव कोळीवाडा
ता. ३१ जुलै १८९३

धर्मा,

शिवेच्या स्टेशनमास्तराने वर्तमानपत्र वाचून दाखवलं. श्रीनगरात पाणी शिरलं. पूल वाहून गेले.

लिही. काही पण लिही.

विठोबा

ता. क. पहिल्या दिवशी बाबा कोळीवाडाभर सांगत फिरले, "मी बोललो होतो! भरती आली!" लोक पाया पडायला आले. कुशाबाकाका तर प्रत्येकाला शिंपला दाखवत होते. संध्याकाळी बाबा घरी आले आणि ताटावरून उठले. तेव्हापासून नीट जेवले नाहीत. खाडीच्या तोंडाशी जाऊन बसतात. मी विचारलं, इथे बसून काश्मीरचं काय दिसणार? तर म्हणाले, "पाणी सगळं एकच हाय, पोरी." मी काही खाल्लं की नाही ते विचारू नका. फक्त तुमच्या हातचं एक अक्षर पाठवा. गुणवंती

*

श्रीनगर
ता. ९ ऑगस्ट १८९३

मामा, मी जिवंत आहे. आधी हे वाचून पुढचं वाचा.

टपालाचा रस्ता वाहून गेला होता म्हणून उशीर झाला. पाऊस सुरू झाला तो थांबेना. नदी फुगली, बांध फुटला, आणि पाणी शहरात शिरलं. एक सोडून सगळे पूल गेले. साहेबाचं तरंगतं घर पहिल्याच तडाख्यात खुंट्यांसकट सुटलं आणि पुलावर आपटून फुटलं. साहेब आधीच उतरला होता. तो छत्री घेऊन बागेत माझ्या होडीपाशी आला आणि म्हणाला, "आत जागा आहे का?"

मग पोष्टमास्तर आले, बायकोपोरांना घेऊन. मग माळी आणि त्याच्या शेळ्या. मग ज्यांनी मला वेडा म्हटलं होतं ते सगळे आले, आणि आत चढण्याआधी दोराची गाठ ओढून बघून गेले. पाणी बागेत आलं, होडी उचलली गेली. मामा, मी आयुष्यात पुष्कळ होड्या पाण्यात सोडल्या, पण पाणी होडीकडे चालत आलेलं पहिल्यांदा पाहिलं. सफरचंदाच्या झाडांचे शेंडे आमच्या खालून सरकत होते. दोर ताणला. गाठ टिकली, पण चिनारच उपटला. मग आम्ही झाडासकट निघालो.

नारळी पौर्णिमा लांब होती, पण धीर धरवेना. मी नारळ कपाळाला लावला, शीव कोळीवाड्याच्या तर्फे माफी मागितली आणि पाण्यात सोडला. पाणी त्याआधीच उतरायला लागलं होतं. मी हे सर्वांना सांगतो, पण इथे ते कोणी ऐकायला तयार नाही. पोष्टमास्तरांनी मुंबईला आणखी नारळांची मागणी लिहिली आहे.

पाणी उतरलं तेव्हा होडी एका श्रीमंत शालवाल्याच्या बागेत, कारंज्याच्या शेजारी टेकली. बागेची भिंत शाबूत आहे, दरवाजा अरुंद आहे, होडी बाहेर निघत नाही. शालवाल्याने काझींना विचारलं. काझी म्हणाले, जमीन तुमची, होडी त्याची, आणि परक्याने जमीन घेऊ नये असा हुकूम आहे, जमिनीवर टेकू नये असा नाही. पुढच्या भरतीपर्यंत ती तिथेच राहील. शालवाला रोज सकाळी येऊन भरती कधी आहे ते मला विचारतो. म्हणजे मामा, मला भर शहरात घर मिळालं.

खिडकी अजून उगवतीलाच आहे. नशीब.

आपला धर्मा

*

शीव कोळीवाडा
ता. १० सप्टेंबर १८९३

चिरंजीव धर्मा, आशीर्वाद पुरा.

मधे शहरात दंगा झाला, पोष्ट बंद होतं, म्हणून उत्तराला उशीर. तुझं पत्र आलं तेव्हा मी जाळं विणत होतो. पोरीने पहिली ओळ वाचली आणि पत्र घेऊन आत गेली. पुढचं तिने दुपारी वाचलं.

नारळ मोठा होता, माझं चुकलं. एवढ्याशा पाण्याला लहान पुरला असता.

आता कामाचं. कोळीवाड्यात सगळे म्हणतात, विठोबा, तुझंच खरं ठरलं, आता पोरगी त्या गावी देऊ नको. मी म्हटलं, मूर्खांनो, भरती होऊन गेली. आता ओहोटी लागली. आणि होडी काठावरून कधी सोडतात? ओहोटीलाच. हजारो वर्षं निवांत आहे. माघात ये आणि लग्न कर.

आता एक बोलतो ते ऐक. मला भरतीची भीती नव्हती रे. मी समुद्रात जन्म काढला. समुद्र जे नेतो ते कधी ना कधी काठावर आणून टाकतो. मडकं, फळी, माणूससुद्धा. डोंगर पोरगी परत आणून सोडत नाही. म्हणून मी विचारत होतो, तिथं भरती कधी येते. आणेल असं काहीतरी तिथं असेल, असं वाटत होतं.

ये. दोर घेऊन ये, इथे सगळ्यांना बघायचा आहे.

विठोबा

ता. क. हे सांगताना बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. आता नवीनच खूळ घेतलं आहे. मी गेल्यावर त्यांची पत्रं कोण लिहिणार? शेजारच्या शांताकाकूच्या मुलाचं अक्षर त्यांना पसंत नाही, मोठ्याने लिहितो म्हणतात. म्हणून ते आत्ताच पुढची सगळी पत्रं सांगून ठेवतात. मी लिहायची, बांधून सोबत आणायची आणि तिथे सणासणाला एकेक फोडायचं. टपालखर्च वाचतो म्हणतात. मी म्हटलं, बाबा, मी तेव्हा काय लिहिलं असेल ते ठाऊक नसताना उत्तर कसं सांगता? म्हणाले, "तू काय लिहिणार ते मना ठाव हाय." गुणवंती

*

शीव कोळीवाडा
नारळी पौर्णिमा, १८९४
(माघात सांगितले. श्रीनगरास त्या दिवशी फोडणे.)

पोरी, आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. म्हणजे अजून तू ते लिहिलेलं नाहीस, पण पोहोचलं असं समज. तू लिहिलंस की सगळं ठीक आहे. ते खरं नाही. थंडी वाजते, मासा नदीचा मिळतो आणि त्याला चव नाही. धर्माला सांग, हळद जास्त घाल.

मी बरा आहे. आज समुद्राला नारळ दिला. पाणी शांत होतं. पाऊस यंदा बरा झाला. हे सगळं मी आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे तसंच होईल. कुशाबाचा पाय दुखतो, तो कधीही दुखतोच.

छपरावर फुलं आली का? ती चैत्रात येतात, म्हणजे येऊन गेली. पुढच्या वर्षी बघ आणि मला कळव, मी त्याचं उत्तर पुढच्या चैत्राच्या पत्रात आधीच दिलं आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. मला वाचता येत नाही, पण ऐकू येतं. मी बोलायचं थांबलो तरी तुझा बोरू चालत राहायचा. प्रत्येक पत्राला. धर्माला काय लिहितेस ते मी कधी विचारलं नाही. तुला वाटायचं, म्हातारा डुलक्या घेतोय. मी मुद्दाम डोळे मिटायचो. बोरू कुरकुरतो आहे तोवर तू घरात आहेस हे कळायचं.

झालं. माझं बोलणं संपलं. आता तुझं लिही.

विठोबा

ता. क. बाबा डोळे मिटून बसले आहेत. बाहेर धर्मा पेट्या बांधतो आहे, त्याने दोनदा हाक मारली. मला लिहायचं काही उरलेलं नाही. पण बोरू थांबला की बाबा उठतील, म्हणून मी नुसत्या रेघा ओढते आहे.